आठ रात्री, पाच माणसं आणि स्वित्झर्लंड: आधी यादीला कात्री

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे माझं काही समजायचं राहिलं असेल तर कळेल. मे अखेरीस मुंबईहून झुरिक, आठ रात्री. तुम्ही दोघं, आठ वर्षांची लेक, सासूबाई आणि सासरे. सासरे ७२ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, आता नाशिकला रोज गोदाकाठी फिरायला जातात. सासूबाई कांदा-लसूण आणि अंडं खात नाहीत. यादीत झुरिक, ऱ्हाइनचा धबधबा, लुझर्न, टिटलिसचा बर्फाचा डोंगर, युंगफ्राउयोख (युंगफ्राउ शिखराजवळची बर्फाळ खिंड, वर रेल्वेने जाता येतं), त्सेरमाट, ग्लेशियर एक्स्प्रेस आणि जिनिव्हा. विचारलंय ते असं: प्रवासाचा पास कुठला घ्यावा, डोंगरांची तिकिटं आत्ताच काढून ठेवावीत का, आणि हॉटेल बरं की अपार्टमेंट.

गेली बावीस वर्षं मी लोकांच्या स्वित्झर्लंडच्या सहली आखून देते. त्यामुळे उत्तर तुमच्या क्रमाने देणार नाही, आधी यादीला कात्री लावणार.

जिनिव्हा काढा. शहर छान आहे, पण तुम्ही आल्प्स बघायला चालला आहात आणि ते देशाच्या पार पश्चिम टोकाला आहे. ऱ्हाइनचा धबधबाही काढा. रुंदी १५० मीटर, पाणी प्रचंड, पण उंची जेमतेम २३ मीटर. पावसाळ्यात ठोसेघर पाहिलेल्या माणसाला तो बुटकाच वाटतो. शिवाय मे अखेरीस लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात बर्फ वितळून कड्यावरून जे पाणी कोसळत असतं, ते बघितल्यावर ऱ्हाइनची आठवणही येणार नाही.

ग्लेशियर एक्स्प्रेस काढा म्हटलं की सगळ्यांची तोंडं उतरतात. पण ती गाडी त्सेरमाट ते सेंट मोरित्झ असा जवळजवळ आठ तासांचा प्रवास करते. काचा मोठ्या असतात पण उघडत नाहीत. आणि संध्याकाळी तुम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला उतरता, तिथून परत यायला पुन्हा अर्धा दिवस. तुमची लेक तिसऱ्या तासाला ‘अजून किती?’ विचारायला लागेल आणि पाचव्या तासाला तुम्हीही. पासवर प्रवास झाला तरी जागेच्या आरक्षणाचे पैसे वेगळे. त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्याही धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही, हे बरेच जण सांगत नाहीत. त्सेरमाटचं म्हणाल तर मॅटरहॉर्न (४४७८ मीटर) दिवसचे दिवस ढगात दडून बसतो. तिथे तीन रात्री काढायची तयारी असेल तर जावं. एका रात्रीपुरतं जाणं म्हणजे जुगार.

राहिलं काय? लुझर्न आणि युंगफ्राउचा परिसर. लुझर्नला तीन रात्री, लाउटरब्रुनेन किंवा वेंगेनला पाच. मुक्काम दोनच. बॅगा एकदाच उचलायच्या. इंटरलाकेन मी मुद्दामच सुचवत नाही. तिथे भारतीय जेवण सहज मिळतं, यश चोप्रांचा पुतळाही आहे, पण गाव खाली ५७० मीटरवर आहे आणि खिडकीतून डोंगर दिसेलच असं नाही. वेंगेनला मोटारगाड्या नाहीत, फक्त रेल्वेने जाता येतं. सकाळी बाल्कनीत चहा घेऊन बसलं की समोर युंगफ्राउ. सासरे तिथेच खूश होतील, माझं ऐका.

आता डोंगरांच्या तिकिटांबद्दल. नाही, आत्ता काढू नका. माझं सगळं उत्तर एका वाक्यात हवं असेल तर ते हेच आहे: राहायच्या जागा पक्क्या करा, डोंगराचा दिवस मोकळा सोडा.

हे मी ठेच खाऊन शिकले. धंद्यात नवीन असताना चौदा जणांचा ग्रुप घेऊन गेले होते, युंगफ्राउयोखची तिकिटं तीन महिने आधी काढलेली, मंगळवारची. मंगळवारी वर पोचलो तर बाहेर पांढरी भिंत. गच्चीच्या कठड्यापलीकडचं काहीही दिसेना. ग्रुपमधले एक काका मला म्हणाले, ‘बाई, हे तर आमच्याकडे महाबळेश्वरला जुलैत फुकटात दिसतं.’ बुधवारी सकाळी आकाश काचेसारखं स्वच्छ, आणि आम्ही पॅरिसच्या बसमध्ये. त्या बुधवारचं दृश्य बसच्या मागच्या काचेतून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

आल्प्समध्ये हवा तासातासाला बदलते आणि खाली एक, वर दुसरी असते. साधारण दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे खाली इंटरलाकेनला टी-शर्टवर फिरता येत असेल तर वर शून्याच्या आसपास धरून चाला. खाली दाट ढग आहेत म्हणून वरही असतील असं नाही. कधीकधी ढगांचा थर खालीच असतो आणि तुम्ही त्यातून वर निघून लख्ख उन्हात येता, पायाखाली ढगांचा समुद्र. उलटही होतं. शिवाय ‘फ्योन’ नावाचा दक्षिणेकडचा कोरडा, गरम वारा सुटला की दृश्य अप्रतिम असतं पण वाऱ्यामुळे केबल कार बंद ठेवतात. म्हणून नुसतं आकाश बघून निघू नका.

करायचं काय, तर अशा बहुतेक शिखरांवर थेट कॅमेरे असतात आणि त्यांचं चित्र फोनवर दिसतं. सकाळी हॉटेलातल्या टीव्हीवरही एकामागून एक शिखरांची जिवंत दृश्यं दाखवतात. त्या वेळी घड्याळ तुमच्या बाजूने असतं: भारतापेक्षा तिथे उन्हाळ्यात साडेतीन तास मागे वेळ, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस तुम्ही सगळे पहाटे चार-पाचलाच टक्क जागे असणार. त्याचा फायदा घ्या. आदल्या संध्याकाळी स्विस हवामान खात्याच्या ॲपवर अंदाज बघा, बरा दिसला तर त्याच वेळी दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या-दुसऱ्या गाडीची जागा आरक्षित करा, आणि पहाटे कॅमेऱ्यावर खात्री करून निघा. पाच रात्रींपैकी एक सकाळ तरी उघडी मिळतेच मिळते, असा शब्द मी देत नाही. पण एका दिवसावर डाव लावण्यापेक्षा पाच दिवसांतून निवडणं कधीही बरं.

ढगाळ दिवसांसाठी दोन गोष्टी हाताशी ठेवा. एक ट्र्युमेलबाख, लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही डोंगरांच्या हिमनद्यांचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत कोसळतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत बोगद्यातली लिफ्ट आहे, पण पुढे ओल्या पायऱ्या आहेत, सासूबाईंना सपाता घालून नेऊ नका. दुसरी म्हणजे बोटी: थून आणि ब्रिएन्झ ही दोन्ही तळी पासात फिरता येतात आणि पाऊस असला तरी बोटीत बसून बघायला काय हरकत आहे?

आता सासऱ्यांचं. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी त्याला पुरत नाही. आणि ही उंची तुम्ही चालून गाठत नाही; ग्रिन्डेलवाल्डहून केबल कार पंधरा मिनिटांत आयगरच्या पायथ्याशी आणून सोडते आणि मग १९१२ पासून चालू असलेली रेल्वे आयगर आणि म्योंखच्या पोटातल्या बोगद्यातून वर नेते. इंटरलाकेनहून निघाल्यापासून दीड तासात तुम्ही तिथे. हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. धडधाकट माणसालाही वर डोकं जड वाटतं, जिना चढताना धाप लागते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने जावं की नाही, हे ट्रॅव्हलवाल्याने सांगायचं नसतं, मी सांगणारही नाही. कार्डिऑलॉजिस्टना ‘स्वित्झर्लंडला जाऊ का’ असं विचारू नका, ते हो म्हणतील. ‘दीड तासात साडेतीन हजार मीटरवर जाऊन दोन-तीन तास थांबू का’ असं विचारा. उत्तर बदलू शकतं.

डॉक्टर नको म्हणाले तर हळहळू नका, माझ्याकडे त्यावर एक जुना उपाय आहे. क्लाइन शाइडेग. हे वेंगेनच्या वरचं खिंडीतलं स्टेशन, उंची २०६१ मीटर. इथे बसून आयगरची उत्तर भिंत, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं एका ओळीत दिसतात. खरं सांगायचं तर युंगफ्राउयोखला तुम्ही डोंगराच्या अंगावर असता, डोंगर नीट दिसतो तो इथून. वेंगेनहून चौघं-पाचजण मिळून इथपर्यंत या, मग तुम्ही लेकीला घेऊन वर जा आणि आजी-आजोबा इथे हॉटेलच्या बाकावर उन्हात बसतील. मागच्या वर्षी पुण्याच्या एका आजोबांनी तिथे तीन तास बसून शब्दकोडं सोडवलं आणि सहलीतला सर्वांत चांगला दिवस तोच होता म्हणाले.

डॉक्टर हो म्हणाले तर काही पथ्यं. पहिल्या दोन दिवसांत वर जायचं नाही. पाणी भरपूर, चालणं सावकाश, वर धावपळ नाही. वर जाताना गाडी आइसमीर नावाच्या स्टेशनवर पाच मिनिटं थांबते, डोंगरात कोरलेल्या खिडक्यांतून हिमनदी बघायला. त्या पाच मिनिटांत सासऱ्यांकडे बघा. चेहरा फिका, मळमळ, डोकं दुखतंय असं वाटलं तर वर पोचून पुढच्याच गाडीने खाली उतरायचं, ‘एवढे पैसे दिलेत’ हा विचार करायचा नाही. उतरणं हाच उपाय असतो.

टिटलिसबद्दल माझं मत: युंगफ्राउयोख करणार असाल तर टिटलिस नको. बर्फ तो बर्फच. त्याचे दोनदा पैसे कशाला? त्याऐवजी लुझर्नहून रिगी करा. लुझर्नच्या धक्क्यावरून बोटीने तासाभरात फिट्झनाउ, तिथून दातेरी रुळावरून चढणारी गाडी अर्ध्या तासात माथ्यावर, १७९८ मीटर. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. चढउताराचा त्रास नाही, वर सपाट पायवाटा, गाईंच्या घंटा, तळ्यांचं दृश्य. आणि पासवर पूर्ण मोफत. पण शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो काढण्यासाठी लेक हटून बसली असेल तर टिटलिसला जा आणि युंगफ्राउ सोडा. टिटलिसचं वरचं स्टेशन ३०२० मीटरवर आहे, सासऱ्यांच्या दृष्टीनेही जरा बरं.

लुझर्न ते इंटरलाकेन हा प्रवास हीच तुमची ग्लेशियर एक्स्प्रेस समजा. दोन तासांपेक्षा थोडा कमी, ब्र्युनिग खिंडीवरून, आरक्षण सक्तीचं नाही. लुझर्नला बसताना उजव्या हाताच्या खिडक्या पकडा. सार्नेन आणि लुंगर्न ही दोन्ही तळी त्या बाजूला येतात. पुढे माइरिंगेनला गाडी उलट्या दिशेने निघते, लोक गडबडून जागा बदलतात. तुम्ही हलू नका. तुमचीच खिडकी आता डावी झालेली असते आणि ब्रिएन्झचं तळं तिथूनच दिसतं.

इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, पूर्व आणि पश्चिम. डोंगराच्या गाड्या पूर्वेहून, म्हणजे ओस्टहून सुटतात. आणि इथेच आपल्याकडचे लोक हमखास फसतात. गाडी एकच असते, पण पुढे त्स्वाइल्युचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनवर ती दोन तुकड्यांत वेगळी होते: एक लाउटरब्रुनेनला, एक ग्रिन्डेलवाल्डला. योगायोग असा की त्याच ठिकाणी काळी ल्युचिने आणि पांढरी ल्युचिने या दोन नद्या एकत्र येतात, गावाचं नावच त्यावरून. नद्या भेटतात, डबे सुटे होतात. एकदा एका कुटुंबातले बाबा आणि मोठा मुलगा सामान घेऊन एका डब्यात चढले, आई आणि धाकटी पुढच्या डब्यात. त्स्वाइल्युचिनेनला हळूच धक्का बसला आणि आईचा डबा नदीच्या दुसऱ्या काठाने निघाला. दोघींचे पासपोर्ट बाबांच्या कमरेच्या पाऊचमध्ये. तासाभराने भेटले सगळे, पण आई त्या दिवशी बाबांशी बोलल्या नाहीत. तेव्हा फलाटावरच्या पाटीवर कुठल्या अक्षराच्या भागात कुठला डबा थांबतो ते बघा, डब्यावरचं गाव वाचा, आणि सगळे एकाच दाराने चढा.

पासाबद्दल आता सरळ उत्तर देता येईल. तुमच्यासाठी स्विस ट्रॅव्हल पास, आठ दिवसांचा, सलग. मोठ्या माणसाला दुसऱ्या वर्गाचा चारशे फ्रँकच्या थोडा वर पडतो. गाड्या, बसेस, बोटी, शहरातल्या ट्राम, बरीच संग्रहालयं, रिगी, आणि म्युरेनपर्यंतची केबल कार सगळं त्यात. लेकीसाठी फॅमिली कार्ड मागून घ्या, ते मोफत मिळतं आणि सहा ते पंधरा वयाची मुलं आईवडिलांबरोबर पासाच्या हद्दीत फुकट फिरतात. लक्षात ठेवा, आईवडिलांबरोबर. आजी-आजोबांबरोबर ती एकटी निघाली तर चालणार नाही. युंगफ्राउयोखला मात्र पास अर्धवटच चालतो: वेंगेन किंवा ग्रिन्डेलवाल्डपर्यंत पास, पुढे पंचवीस टक्के सूट. पूर्ण तिकीट इंटरलाकेनहून येऊन-जाऊन अडीचशे फ्रँकच्या घरात आहे, त्यामुळे ही सूट लहान नाही. रोज उंच डोंगर चढणाऱ्यांना हाफ फेअर कार्ड जास्त परवडतं, कारण त्यावर जवळपास सगळीकडे निम्मं भाडं. पण तुम्ही एक मोठा डोंगर करणार आणि बाकी बोटीत, गाडीत आरामात फिरणार, आणि ७२ वर्षांच्या माणसाला प्रत्येक ठिकाणी तिकिटाच्या रांगेत उभं करायचं नाही. पासच घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत मात्र विकत घेऊ नका.

राहायला लुझर्नला हॉटेल, वर डोंगरात अपार्टमेंट. सासूबाईंसाठी स्वयंपाकघर लागेलच. दुधाचं, मांसाचं काहीही भारतातून न्यायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी घरी ठेवा. मे महिना म्हणून हापूसची पेटी न्यायचा मोह होईल, पण ताजी फळं-भाज्यासुद्धा चालत नाहीत, कढीपत्ताही नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, लाडूंसाठी भाजलेलं कोरडं पीठ, गोडा मसाला हे चालतं. लोणी, दूध, दही तिथे उत्तम मिळतं. तूप तिथल्या लोण्याचं कढवा, सासूबाईंना आवडेल. फोडणी देताना मात्र पंखा आणि खिडकी आधी उघडा. आमच्या एका गटात मोहरी तडतडली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही कोकलला की तीन मजल्यांचे लोक पायजम्यात रस्त्यावर. रात्री दहानंतर तिथे आवाज केलेला खपत नाही, मिक्सर, खुर्च्या ओढणं, सगळंच.

बाहेर खाताना ‘व्हेज’ म्हणून थांबू नका. सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो, बटाट्याच्या र्योष्टीत ‘स्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकतात. मांस, मासे, अंडं यातलं काय नको ते एकेक नाव घेऊन सांगा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली उघडी. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड भरून ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, गावोगावच्या कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं; ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलेलं असेल तेवढं सोडून. आणि कार्डाच्या मशीनने रुपयांत की फ्रँकमध्ये असं विचारलं तर नेहमी फ्रँक.

व्हिसा शेवटी ठेवला, पण तुम्ही सुरुवात त्यानेच करायची आहे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मेच्या सुट्टीसाठी मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे दिवाळीत कोकणकन्येचं तिकीट मिळण्यासारखं. डिसेंबर-जानेवारीतच हालचाल करा. मोठ्यांना फी ९० युरो. विमा किमान तीस हजार युरोंचा हवा. सासऱ्यांच्या विम्यात ‘आधीपासूनचा आजार’ वगळलेला नाही ना, ते पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचा. वगळलेला असेल तर वेगळं कव्हर घ्या, इथे पैसे वाचवू नका.

मे अखेर आणखी एका कारणाने विचारपूर्वक ठरवायला हवी. आउफार्टचा गुरुवार आणि फिंगस्टनचा सोमवार या दोन सुट्ट्या ईस्टरच्या हिशेबाने दरवर्षी सरकतात आणि बहुधा मे-जूनमध्येच येतात. त्या वीकेंडला अर्धा स्वित्झर्लंड स्वतःच फिरायला निघालेला असतो, गाड्या भरलेल्या आणि हॉटेलांचे दर चढलेले. विमानाच्या तारखा ठरल्या की कळवा. त्या सुट्ट्या कुठे येतात ते बघून लुझर्नच्या तीन रात्री आधी घ्यायच्या की शेवटी, ते ठरवू.